किसनमामांची डी ड्राइव्ह

घोटावडे,
२२ ऑगस्ट २००४

प्रिय रत्ना,

सप्रेम जयभीम.

बाबांच्या जलदान विधीला तू आलास, तासभर ओट्यावर बसलास आणि बसची वेळ झाली म्हणून निघालास. आतल्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाहीस. आई म्हणाली, "पोराला बघवलं न्हाई, मामाचा लई लाडका व्हता." मीही तसंच समजते. आता माझं एक काम कर. तू कॉम्प्युटर इंजिनिअर आहेस आणि हे काम दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

फोन करू नकोस. शेजारच्यांच्या घरात सगळ्यांच्या देखत उभं राहून मला हे बोलता येणार नाही. शिवाय तीन वर्षांत या घराला पत्रांचीच सवय झालीय. बाबांना फोनवर बोलता यायचं नाही म्हणून तू त्यांना बंगळूरहून पत्रं लिहायचास, ती सगळी त्यांनी उशाखाली जपून ठेवली होती. परवा आवरताना सापडली.

काम असं आहे. तू दिलेल्या कॉम्प्युटरवर बाबा दोन वर्षं रोज लिहीत होते. ते लिखाण सापडत नाही.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा लिहिते, म्हणजे मी कशासाठी जीव टाकतेय ते कळेल. घशाचा कॅन्सर निघाला तेव्हा स्वरयंत्र काढून टाकायला बाबा तयार नव्हते. वीस वर्षं गायनपार्टीत पुढे उभं राहून गाणारा माणूस. म्हणाले, "आवाज काडून मी जगू कशाला?" मी त्याच वॉर्डात नर्स. न काढलं तर सहा महिने, हे मला दिसत होतं. शेवटी मी म्हणाले, सही करा, नाहीतर तुमच्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही. सगळ्या वॉर्डासमोर त्यांनी माझा हात झटकला आणि सही केली. तीन वर्षं जगले. पण माझ्याशी एक अक्षर नाही. आल्यागेल्याला पाटीवर लिहायचे, मी आले की पाटी पालथी. मी दर रविवारी यायचे, आईला भांडी घासून द्यायचे आणि संध्याकाळच्या एसटीने पुण्याला परत.

आता आई सांगते, शेवटच्या महिन्यांत ते रोज सकाळी कॉम्प्युटरसमोर बसायचे. एका बोटाने टाइप करायचे. मग पडद्याकडे बोट आणि छातीला बोट. छातीला बोट म्हणजे मी, कारण माझं सिस्टरचं घड्याळ तिथं लावलेलं असतं. "तुज्यासाठी लिवत व्हता गं," आई म्हणते, "काय ते मला कुटं वाचता येतंय!"

मी काल चालू करून पाहिला. सुरुवातीलाच दोन ओळी येतात, कुठलं उघडू म्हणून विचारतात. एकात सगळं मराठी आहे, पण बाबांचं काही नाही. दुसऱ्यात जुनं आहे, तिथं सी नावाचा कप्पा आहे पण डी नाहीच. बाबा डीमध्ये लिहायचे हे मला पक्कं माहीत आहे. तूच तसं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं होतंस, तो कागद अजून आहे.

रत्ना, मला एवढंच सांग. बाबांनी ते स्वतः काढून टाकलं का? लिहिलं आणि मला वाचायला मिळू नये म्हणून पुसलं, असं झालं असेल का? हे कळायची काही सोय असते का?

आईची तब्येत बरी आहे. जेवत नाही पण बरी आहे.

तुझी ताई,
धम्मदीपा


बंगळूर,
५ सप्टेंबर २००४

प्रिय धम्माताई,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचून आठ दिवस झाले. कंपनीत कामाचा फार रेटा होता म्हणून उत्तराला उशीर झाला, राग मानू नकोस. मामांची आठवण रोज येते. इथे कुणाला सांगायची सोय नाही, कुणाला मराठी येत नाही.

तू विचारलंस त्याबद्दल. फाइल कुणी काढली हे कॉम्प्युटरवरून सांगता येत नाही, तशी नोंद त्यात राहत नाही. मे महिन्यात मी आलो होतो तेव्हा मामांना दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, लिनक्स, टाकून दिली होती. जुनी सारखी अडकायची आणि हिच्यात सगळ्या सूचना मराठीत दिसतात. तिचा याच्याशी संबंध नसावा. हे असे प्रकार जुन्या मशीनमध्ये होतात.

ताई, माणूस फार आजारी असला की स्वतःच लिहिलेलं स्वतः फाडतो. मामांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. कदाचित त्यांनी लिहिलं असेल आणि नंतर नको वाटलं असेल. मला असं म्हणायचं नाही की तसंच झालं. पण तसं झालं असलं तरी तू मनाला लावून घेऊ नकोस. तू जे केलंस ते त्यांच्या भल्यासाठीच केलंस.

एक मात्र कर. तो कॉम्प्युटर आता चालू करू नकोस. वायर काढून ठेव आणि पडू दे तसाच. जुना आहे, कधीतरी शॉक बसायचा. दिवाळीत मी येणार आहे, तेव्हा निवांत बघतो. घाई काहीच नाही, पण चालू मात्र करू नकोस.

मामीला नमस्कार सांग. तिला जेवायला घाल.

तुझा,
रत्नदीप


पुणे, नर्सेस क्वार्टर्स,
१४ सप्टेंबर २००४

प्रिय रत्ना,

सप्रेम जयभीम.

तू आडून आडून लिहिलंस, पण मला कळलं. बाबांनीच पुसलं. तू ते सरळ लिहू शकत नव्हतास, माझं मन राखलंस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग खरं सांगते, मला हसू आलं. तीन वर्षं माझ्यासमोर पाटी पालथी घालणारा माणूस दोन वर्षं बसून माझ्यासाठी लिहील, हे मला खरं वाटलंच कसं? लिहिलं असेलही. मग रविवारी मी आले असेन, माझं तोंड पाहिलं असेल आणि पुन्हा संताप आला असेल. बोट दाबलं, संपलं. इतकी अढी की मरतानासुद्धा सुटली नाही. मी त्यांची मुलगी आहे, मीही तेच केलं असतं.

तर तो विषय मिटला. कॉम्प्युटर मी विहाराला देऊन टाकला. घरात नजरेसमोर नको वाटला. तू शॉकचं लिहिलं होतंस म्हणून विहाराचं बघणाऱ्या जनार्दनकाकांनी आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं, काही बिघाड नाही. विहार कमिटीने परवापासून वर्ग सुरू केला. वस्तीतल्या दहाबारा मुली त्यावर मराठी टायपिंग शिकतात. मराठी सूचना दिसतात म्हणून तीच बाजू लावतात, तुझं नाव काढतात सगळ्या. काका म्हणाले, किसनरावांच्या नावाची पाटी लावू. लावा म्हटलं.

आईला सांगून आले की आता दर रविवारी जमणार नाही. तिने डब्यात भाकरी बांधून दिली.

तू दिवाळीत येणार असशील तर ये. पण माझ्यासाठी येऊ नकोस, मला आता काही शोधायचं नाही.

तुझी ताई,
धम्मदीपा


बंगळूर,
२४ ऑक्टोबर २००४

धम्माताईस,

जयभीम.

हे पत्र मी वीस सप्टेंबरला लिहायला हवं होतं. रोज लिहायला बसायचो आणि रोज उठायचो. आज मी ते पुरं केल्याशिवाय उठणार नाही.

मामांनी काही पुसलं नाही. मी पुसलं.

मे महिन्यात मी ती दुसरी सिस्टीम टाकत होतो. मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी होती. मामा पलंगावर बसून बघत होते. मध्ये तिने विचारलं, जागा कुठली घेऊ? मी डी दाखवली. मला वाटलं डी रिकामी आहे. ताई, मामांना डीमध्ये सेव्ह करायला मीच शिकवलं होतं. सी बिघडली तरी लिखाण वाचावं म्हणून. तो भिंतीवरचा कागद माझ्या अक्षरातला आहे, आणि मी त्या कागदाकडे पाठ करून बसलो होतो. लिखाणाची दुसरी प्रत काढून ठेवायला पाच मिनिटं लागली असती. मी काढली नाही, कारण मला संध्याकाळी मित्रांबरोबर लवळ्याला जायचं होतं.

पडद्यावर मराठी आलं तेव्हा मामांनी टाळ्या वाजवल्या. तुला माहीत आहे, त्यांना दुसरं काही करता यायचं नाही.

निघायच्या आधी मी जुनी बाजू उघडून पाहिली आणि डी दिसेना. मामांनी हाताने विचारलं, कुठाय? मी म्हणालो, आहे, दुसऱ्या बाजूला आहे, दिवाळीत काढून देतो. आणि पळालो.

जूनमध्ये त्यांचं कार्ड आलं. ते इथे माझ्या कपाटात आहे. मी तुला ते जसंच्या तसं उतरवून देतो:

"चि. रत्नदीपास जयभीम. तू गेल्यापास्नं माजं लिवल्यालं दिसत न्हाई. समदं मराठी झालंय पन त्यात मी न्हाई. बाकीचं जाऊ दे, ते रोजचं हाय. धम्मासाठी एक लिवलंय तेवडं तरी काडून दे. पुन्हा लिवाय बसतो पन आता बोट चालत न्हाई, गळ्यातल्या नळीपाशी सुजलंय. घाई न्हाई पन लई दिस लावू नगस. तुजा मामा."

मी उत्तर दिलं नाही. जुलै गेला आणि नऊ ऑगस्टला तुझा निरोप आला. म्हणून मी आतल्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

मग तुझं पत्र आलं आणि तूच विचारलंस, बाबांनी पुसलं का? ताई, मला पळायला वाट दिसली. मेलेल्या माणसावर टाकलं तर तो बोलत नाही, आणि मामा तर आधीच बोलत नव्हते. मी हे असं लिहितोय कारण हे असंच माझ्या डोक्यात आलं होतं. मला माझी किळस येते.

आता नीट ऐक. फाइल पुसली म्हणजे लगेच जात नाही. वहीच्या अनुक्रमणिकेतून धड्याचं नाव खोडलं जातं, पानं तशीच राहतात. त्या पानांवर दुसरं कुणी लिहिलं की मगच जातात. म्हणून मी तुला चालू करू नकोस म्हणालो होतो. शॉकची थाप मारली, कारण खरं कारण सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

वर्ग आजच्या आज थांबव. मशीनमधली हार्ड डिस्क काढायची. पाठीमागचे स्क्रू सोडले की पुस्तकाएवढी लोखंडी डबी दिसेल, तिला एक रुंद पट्टी आणि एक वायर लावलेली असते. ती काढून जाड कापडात गुंडाळ. माणला माझा कॉलेजचा मित्र अनिमेष कंपनीत आहे, पुढच्या आठवड्यात तो बंगळूरला येतोय. त्याचा पत्ता मागे लिहिलाय. काही तरी मिळेल. मी ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून नुसती वाचणार, तिच्यावर एक अक्षर लिहिणार नाही.

मला शिव्या दे. पण डिस्क पाठव.

रत्नदीप


पुणे,
३ नोव्हेंबर २००४

रत्नदीप,

डिस्क अनिमेषच्या हातात दिली. कंपनीच्या फाटकाशी उभं राहून दिली. तो बिचारा चहा घेता का विचारत होता, मी तशीच परत फिरले.

वर्ग चालू असताना मी विहारात शिरले आणि बटण बंद केलं. मुली घाबरल्या. जनार्दनकाका म्हणाले, काय झालं धम्मा? मी म्हणाले, बाबांचं राहिलंय आत. त्यांनीच स्क्रू सोडून दिले. वर्ग किती दिवस चालला ते मोजलं, सहा आठवडे आणि पाच दिवस. काकांनी त्यात गाणी भरून ठेवलीत, ती पुसली जाऊ नयेत असं सांग म्हणाले. सांगितलं.

बाबांचं लिखाण तू चुकून पुसलंस. सप्टेंबरचं पत्र तू चुकून लिहिलं नाहीस. हा फरक मला कळतो, तुलाही कळत असेल.

मी माझ्या बापाला दीड महिना शिव्या घातल्या. त्यांचा फोटो पालथा घातला. आईला म्हणाले, तुझा नवरा दगड होता, दगड. तिला ते कार्ड मी वाचून दाखवलं तेव्हा तिने मला दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, "मंग रत्न्यानं काडून दिलं का?"

मला दुसरं काही नको. जे मिळेल ते, जसं मिळेल तसं, न झाकता पाठव. या वेळी माझं मन राखू नकोस.

धम्मदीपा


बंगळूर,
१२ डिसेंबर २००४

धम्माताईस,

जयभीम.

तू म्हणालीस तसं, न झाकता लिहितो.

डिस्क वाचायला चार दिवस लागले. बाहेर आलेल्या फाइलींना नावं नव्हती, नुसते आकडे. उघडल्या तर त्यात इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. दोन दिवस मी समजत होतो की सगळं सडलं. तुला "काही मिळालं नाही" असं पत्रही लिहून ठेवलं होतं. मग जेवता जेवता आठवलं, मामा ज्या मराठी फॉन्टमध्ये लिहायचे तो इथल्या मशीनवर नाहीच. तो फॉन्ट नसला की त्यातलं मराठी असंच दिसतं. अनिमेषला फोन केला, त्याने पुण्यातून फॉन्ट शोधून पाठवला. तो लावला आणि पडद्यावर मामा बोलायला लागले. मी ऑफिसात होतो. उठून जिन्यात जाऊन बसलो.

त्यातलं बहुतेक रोजचं बोलणं आहे. कुणी आलं की त्याच्याशी बोलायला म्हणून टाइप केलेलं. समोरच्याचं उत्तर नाही, नुसतं मामांचं. थोडं उतरवतो:

"गंगू, भाकर पातळ कर, घशाखाली उतरत न्हाई."

"जनार्दन, पुनवेला वंदना कोन घेनार? चालीत घ्या. पुस्तक वाचल्यासारकी घेऊ नगा."

"डॉक्टर, माजी मुलगी पुन्याच्या मोठ्या दवाखान्यात हाय. लई हुशार हाय. तिला माज्या दुखन्याचं सांगू नगा."

"न्हाई, आता गात न्हाई. काय इचारता राव!"

असे एकशे चाळीस तुकडे आहेत. सगळे छापून सोबत पाठवतो.

तुझ्यासाठी लिहिलेलं सापडलं. पुरं नाही. जेवढं आहे तेवढं असं आहे:

"धम्मा, तू सही घ्याया आलीस तवा मी तुजा हात झटकला. समद्यांसमोर. ते मला सलतंय. तवापास्नं तुज्यासंगं बोलायचं हाय. पाटीवर हे मावत न्हाई म्हनून पाटी पालथी घालतो, तुला वाटतं मी तोंड फिरवतो. गेल्या दिवाळीला हितं टायपाय बसलो तर तू भांडी घासाय गेलीस. उठून आलो तवर एसटी आली. आता नीट लिवतो, मग तू निवांत वाच. तुज्या हट्टापायी माजा आवाज गेला. हे मी इसरलो न्हाई आन इसरनार न्हाई. खोटं कशाला बोलू. पन"

इथे संपतं. "पन" नंतर काही नाही.

म्हणजे आहे, पण ते मामांचं लिखाण नाही. ते काय आहे हे शोधायला मला आठवडा लागला. तो आवाज आहे. जनार्दनकाकांनी भरलेली गाणी. मुली मराठी बाजू लावायच्या, आणि ती मराठी बाजू मामांच्या डीच्याच जागेवर बसली होती. काकांनी टेपरेकॉर्डरला वायर जोडून गायनपार्टीच्या जुन्या कॅसेटी त्यात उतरवल्या. एकेक गाणं म्हणजे प्रचंड जागा. मामांच्या त्या पत्राचं पुढचं पान जिथे होतं, तिथून एक गाणं सुरू होतं. मी ते ऐकलं. गाणारे मामाच आहेत. एक्याण्णव सालची जयंती, पाठीमागे लोक ओरडतायत, "किसनराव, पुन्हा, पुन्हा." फाइलवर तारीख अकरा ऑक्टोबरची आहे.

अकरा ऑक्टोबर, ताई. तुझं पत्र मला वीस सप्टेंबरला मिळालं होतं. त्याच दिवशी मी लिहिलं असतं तर आठवड्याभरात वर्ग थांबला असता. हे मी तुला सांगितलं नसतं तर तुला कधी कळलं नसतं. म्हणून सांगतो.

अजून एक. "पन" च्या पुढे मी तीन वेळा लिहिलं. मामांसारखंच लिहिलं, हाय न्हाई सगळं घालून. तिसऱ्यांदा इतकं जमलं की तुला शंका आली नसती. तिन्ही पुसून टाकली. तुझ्याकडे येतंय ते एवढंच खरं आहे.

गाण्यांची सीडी पाठवतोय. काकांची एकही फाइल पुसली नाही.

रत्नदीप


पुणे,
९ जानेवारी २००५

रत्नदीप,

जयभीम.

पाकीट आणि सीडी मिळाली. गेल्या रविवारी घरी गेले, आईला सगळं वाचून दाखवलं. भाकर पातळ करायचं आलं तेव्हा ती म्हणाली, "व्हय, हे मला कळलं व्हतं, तोंडाकडं बघून." बाकीचं बरंच तिला पहिल्यांदाच कळत होतं. दोन वर्षं नवरा तिच्याशी बोलत होता आणि ती मान डोलवत होती. मध्येच म्हणाली, "थांब जरा." चुलीपाशी जाऊन बसली, आली आणि म्हणाली, "हां, म्होरं वाच."

माझं पत्र शेवटी वाचलं. "पन" पाशी थांबले. "म्होरं?" ती म्हणाली. मी म्हणाले, एवढंच आहे गं आई. संपलं. तिला ते खरं वाटेना. कागद हातात घेऊन उलटा करून पाहिला. मग म्हणाली, "त्येच्या मनात काय व्हतं ते त्यो घिऊन गेला. तू आता खाऊन घे."

मी पुष्कळ डोकं चालवलं. पन तू पोरगी हायस. पन तू नसतीस तर मी तवाच मेलो असतो. पन मेलो असतो तर बरं झालं असतं. तिन्ही त्यांच्या तोंडी बसतात, हेच तर दुखणं आहे. आधी मला वाटायचं त्यांना माझ्याशी बोलायचंच नव्हतं, तेव्हा निदान राग करता येत होता. आता तेही गेलं. पाटी पालथी घालायचे तेव्हा मी एकदा जवळ जाऊन ती उलटून पाहायला हवी होती. तो दोष तुझा नाही, माझा आहे.

गाणी विहारात लावली. काकांनी आग्रह केला. वस्तीतल्या सगळ्या बाया जमल्या, रडल्या, मुलींनी टाळ्या धरल्या. काका धन्य झाले, म्हणाले, "किसनरावांचा आवाज आपन जपला!" मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांचं काय चुकलं? आई दोन गाणी बसली आणि उठली. मी बाहेर ओट्यावर होते. आवाज छान होता रे. मी विसरले होते की इतका चांगला होता.

तू तीन वेळा लिहिलंस आणि तीन वेळा पुसलंस, हे सांगितलंस ते बरं केलंस. तुझ्याबद्दल चांगलं म्हणून मी एवढंच धरून ठेवीन. मी तुला माफ केलं असं समजू नकोस. नाही केलं. कधी जमेल असं आज तरी वाटत नाही. ऑगस्टमध्ये बाबांचं वर्षाचं पुण्यानुमोदन आहे, आई तुला बोलावणार, तू ये. मामीला भेट, जेव आणि जा. आतल्या खोलीत जायचं तर जा. माझ्याशी बोलायची धडपड करू नकोस.

एक सांगायचं राहिलं. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून तुलाच लिहिते.

परवा वॉर्डात माणचे एक गृहस्थ आले, जयसिंगराव म्हणून. वय बाबांच्याच आसपास. तेच दुखणं, तेच ऑपरेशन. डॉक्टरांनी समजावलं, बायकोने समजावलं, ते संमतीच्या कागदाला हात लावेनात. मला पाठवलं. बसलेल्या आवाजात ते मला म्हणाले, "सिस्टर, खरं सांगा. तुमच्या घरचं मानूस असतं तर काय केलं असतं?"

मी म्हणाले, माझ्या वडिलांची सही मीच घेतली होती. याच वॉर्डात.

"जगले?"

तीन वर्षं.

ते म्हणाले, "आन माघारी काय म्हनले तुमाला? राग धरला का?"

रत्नदीप, त्यांची बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. सही झाली नसती तर सहा महिने, फार तर. मी म्हणाले, बोलता येत नव्हतं त्यांना, पण माझ्यासाठी लिहून ठेवलंय.

"मंग झालं तर," ते म्हणाले. पेन मागितलं आणि सही केली.

सोमवारी ऑपरेशन आहे. ड्यूटी माझीच आहे.

धम्मदीपा